मॅग्नेशियम लागू पडलं

यज्ञेश पहिल्यांदा दुकानात आला तो लंगडतच. डोंबिवलीतल्या पोपटकाकांच्या मेडिकलमध्ये दक्षता फार्मासिस्ट होती. कामात चोख, आणि जिभेला धार.

"पोटरीत गोळा आलाय," काउंटर धरत तो म्हणाला. "शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास क्लच दाबत बसलेलो."

"पाणी पिता का पुरेसं?"

"शीळफाट्यावर? पिऊन जाणार कुठे?"

दक्षताने हसू गिळलं. त्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती, मॅग्नेशियमची. "रोज जेवणानंतर एक. स्नायू सैल होतात, झोपही बरी लागते. दहा दिवस पुरतील," तिने सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळे... डोळे काही गोळ्यांवर नव्हते.

आणि तिसऱ्याच दिवशी स्वारी हजर.

"अजून एक स्ट्रिप द्या."

"पहिली संपली?"

"म्हणजे... संपत आली."

मग एक दिवसाआड त्याची फेरी ठरलेली. दर वेळी नवं कौतुक — झोप छान लागते, चिडचिड गेली, ऑफिसात साहेबसुद्धा गोड वाटायला लागलेत. पोपटकाका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "याला मॅग्नेशियम भलतंच लागू पडलंय हो." साडेसहा वाजले की दक्षता उगाच केस सारखे करायची. हे तिला आवडत होतं, अगदी मनापासून.

पण एका संध्याकाळी तिने हिशेब लावला. पंधरा दिवसांत सात स्ट्रिप, सत्तर गोळ्या! एवढ्याने जुलाब होतील, किडनीवर ताण येईल. तो दिसावा म्हणून आपण त्याच्याच तब्येतीचं वाटोळं करतोय, असं तिला वाटलं.

"आजपासून तुम्हाला मॅग्नेशियम मिळणार नाही," ती म्हणाली. "नाचणीची भाकरी खा, पालक खा, भोपळ्याच्या बिया खा."

"ते... भाजीवाल्याकडे मिळतं."

"मग तिकडेच जा."

तो गेला, आणि आठ दिवस फिरकला नाही. टूथब्रश न्यायला आलेल्या एका आजोबांना दक्षताने "जेवणानंतर एक" असं बजावलं. काकांनी आजोबांना नीट समजावून पाठवलं.

नवव्या दिवशी तो पिशवी घेऊन आला. "आईने कपाट आवरलं. म्हणाली, औषधांचं दुकान काढलंयस का? जा, परत करून ये." पिशवीत सहा स्ट्रिप, एकही फोडलेली नाही.

"मी तुमच्या किडनीच्या काळजीने धड जेवले नाही!" दक्षताचा आवाज चढला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून कान लाल झाले. "बिलं द्या. बिलाशिवाय परत घेत नाही."

त्याने पाकिटातून बिलं काढली. नीट घडी घातलेली. पण हात पुढे होईना.

"ही द्यायलाच लागतील?"

"का?"

"प्रत्येकावर तुमची सही आहे... गोळ्या ठेवा तुम्ही. बिलं राहू दे ना माझ्याकडे."

पोपटकाका खाकरले. "दुकानाचा नियम आहे बाबा."

"यांच्यापुरता बदला, काका," दक्षता म्हणाली. मग त्याच्याकडे वळून — "दुपारी दीडला माझी जेवणाची सुट्टी असते. उद्या या. आणि काही विकत घ्यायचं नाही."