न उतरणारा रंग

चंद्रावरच्या अमृतपूर वस्तीत कारखाना एकच, त्यामुळे घुमटांचे सांधे घरोघरी रंगत. स्वयंपाकघरातच आम्लाचा टब मांडायचा, त्यात ॲल्युमिनियमचा सांधा बुडवून वीज सोडायची. धातूवर बारीक छिद्रांची साय धरते. त्या छिद्रांत रंग भरायचा आणि उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रांची तोंडं मिटवायची. याला म्हणत ‘थकवारंग’. चंद्रावरच्या दिवसाच्या तापाने आणि रात्रीच्या गारठ्याने सांधा थकला, की तोंडं उघडत आणि रंग उतरे. सांधा फिका दिसला की बदलायचा. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं.

शांभवी तांबट यांचे जांभळे सांधे मात्र वीस वर्षांत एकदाही फिके पडले नव्हते. म्हणून तर चौकावरच्या मोठ्या घुमटाचं सगळं काम त्यांच्याकडे आलं, आणि आज त्याच घुमटाखाली त्यांचा सत्कार होता. शाल होती, नारळ चंद्रावर कुठला, म्हणून तो ॲल्युमिनियमचा. बाईंचा ऊर भरून आला होता, आणि का येऊ नये? सगळं त्यांच्या हातचं काम होतं.

तेवढ्यात धातुशास्त्रज्ञ डॉ. इक्बाल मुजावर धापा टाकत मंचामागे आले. दुरुस्तीत निघालेला शांभवीताईंचा एक सांधा त्यांनी आत्ताच मधोमध कापला होता.

“ताई, उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवता?”

“लोक पंधरा मिनिटं ठेवतात. मी चांगला तासभर! माझ्या हातचा रंग जायचा नाही, डॉक्टर.”

“तेच झालंय. तोंडं इतकी घट्ट मिटली, की आतला धातू थकला तरी रंगाला बाहेर पडायला वाटच नाही. हे बघा.”

जांभळ्या सालीखाली धातू पार भेगाळला होता.

“वर सहाशे बारा आहेत,” शांभवीताई कशाबशा म्हणाल्या. “त्यातले थकलेले कुठले?”

“ते सांगायचं काम रंगाचं होतं, ताई.”

शांभवीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षणभर वाटलं, सत्कार तेवढा होऊ द्यावा, मग बघू. पण समोर सारी वस्ती पोराबाळांसकट बसली होती. डॉक्टर शेजारच्या घुमटांकडची दारं उघडवायला धावले आणि शांभवीताईंनी माईक हातात घेतला.

“माझं काम चुकलंय. वरचे सांधे केव्हाही तुटतील. उठा, पोरांना घ्या आणि बाहेर पडा!”

सगळ्यांनी माना वर केल्या. डोक्यावर गर्द जांभळा घुमट, कुठे एक ठिपकासुद्धा फिका नाही. पुढच्या रांगेतले आजोबा कौतुकाने हसले.

“किती हा विनय!” ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.