तांबडा दिवा कुठल्या अंगाला

"असलं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नाय, बिट्रिस! काय मेलं वागणं ते! मासा उचलायचा, कल्ला उघडायचा, आत नाक खुपसून बसायचं आणि मग माझ्या पोरीला विचारायचं, 'सांगा ना, लाल आहे का?' अरे, तुझे डोळे काय कुणाला उधार दिलेस?"

भागीरथी बोलायला लागली की डोंबिवली पश्चिमेचा अख्खा मासळी बाजार ऐकायचा. इलाजच नव्हता. नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं ओटा सांभाळला होता, पोरगी वाढवली होती, पोरगा वाढवला होता, आणि हे सगळं तिनं आवाजाच्या जोरावर केलं होतं असं तिचं तिलाच वाटायचं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. पण मासा आणि माणूस उलटून बघायला शाळा लागत नाही, असा तिचा बाणा.

मासळी बाजाराचा कायदा साधा. ताज्या-शिळ्याच्या शपथा कुणी घेत नाही. कल्ला उघडून दाखवायचा. आतून लालबुंद असला तर गिऱ्हाईक गप्प, मातकट असला तर विकणारी गप्प. आणि हा शिकलेला मास्तर रोज येऊन तोच कल्ला तिच्या लेकीला, मालूला, विचारायचा! म्हणजे मालावर शंका. भागीरथीच्या मालावर!

उत्तनहून सुकी मासळी घेऊन येणारी बिट्रिस शेजारच्या ओट्यावर बोंबील लावत बसली होती. ती गालात हसली. "भागीरथीबाय, तो मासा बघतो असं वाटतं तुला?"

"मग काय बघतो?"

"ते आता मी सांगू?"

तेव्हा भागीरथीनं पहिल्यांदा नीट बघितलं.

कुंडलिक नाव त्याचं. ठाण्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. मूळचा कळव्याकडचा कोळीच, पण बापानं जाळं सोडून कारखान्यात नोकरी धरलेली. उंच, किरकोळ, आणि हसला की आधी डोळे हसायचे, मग ओठ... असा. आणि ओट्याच्या पुढच्या अंगाला बसलेली मालू, बावीस वर्षांची, दहावीपर्यंत शिकून शिवणाचा क्लास करणारी, सकाळी आईच्या मदतीला येणारी. पावसाची बारीक सर पत्र्यावर वाजत होती. मालूच्या कपाळावरच्या बटांना पाण्याचे मणी लागले होते.

"हा घ्या बोईट. आत्ता खाडीतनं आलाय," मालू म्हणाली.

त्यानं कल्ला उघडला. बघितलं. पुन्हा बघितलं. मग हळूच — "लाल आहे का?"

"तुम्हाला कसला वाटतो?"

"तुम्ही सांगाल तसला."

"मी निळा म्हटलं तर?"

"तर निळा मासा शिजवून खाईन."

"आणि पोट बिघडलं तर?"

"तर उद्या भांडायला येईन. म्हणजे उद्याही यायला मिळेल."

मालूनं ओठ दाबले, पण हसू काही दाबलं गेलं नाही. तो धिटावला. "ही हिरवी ओढणी तुम्हाला फार शोभते."

मालूनं ओढणीकडे बघितलं. डाळिंबाच्या दाण्यासारखी लालचुटुक! ती खो खो हसत सुटली. "अहो मास्तर, ते डोळे आहेत की कोकमाची सालं?"

भागीरथीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझ्या पोरीची थट्टा? ती उठणार, तोच सर जोरात आली, पत्रा तडतडायला लागला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. दिसलं तेवढं दिसलं. मास्तर मान खाली घालून काहीतरी बोलला. मालूचं हसू थांबलं. ती त्याच्याकडे बघत राहिली... मग तिनं त्याच्या हातातला बोईट काढून घेतला, टोपलीतला दुसरा निवडला, स्वतः कल्ला उघडला आणि काहीतरी एकच शब्द म्हणाली.

तो शब्द काय होता, ते भागीरथीला दुसऱ्या दिवशी कळलं. मास्तर आला. त्यानं काही विचारलं नाही. मालूनं मासा उचलला, त्याच्याकडे बघतच कल्ला उघडला, माशाकडे तर बघितलंही नाही, आणि हळू आवाजात म्हणाली, "लाल."

भागीरथीनं कपाळावर हात मारला. रोग आता दोघांना झाला होता.

श्रावण लागला. अर्ध्या डोंबिवलीनं मासळीकडे पाठ फिरवली. बाजारात माशांपेक्षा माश्या जास्त. तरी मास्तर येतच होता. शेवटी बिट्रिसनंच बातमी आणली, मास्तरची आई श्रावण कडक पाळते, घरात अंडंसुद्धा चालत नाही.

"मास्तर!" भागीरथीनं त्याला भर बाजारात गाठलं. "घरात श्रावण. मग माझी मासळी जाते कुठं?"

तो गडबडला. "कॉलेजात... मुलांना चिरून दाखवतो. आतला भाग."

"माझा ताजा मासा चिरून दाखवतोस? आणि खात कुणीच नाय?"

"शिपाई नेतो घरी, मावशी. वाया जात नाही."

"पण मग कशाला घेतोस रे?"

कुंडलिकचे कान तापलेले, हातात माशाची पिशवी. मग त्यानं ती पिशवी ओट्यावर ठेवली, जणू आता तिचं काम संपलं. "मावशी, मला मालूशी लग्न करायचंय. पण त्याआधी माझ्यात एक खोट आहे, ती सांगतो. मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. जन्मापासून. औषध नाही त्याला. मालूला सांगितलंय. तुम्हालाही ठाऊक असायला हवं."

बिट्रिसच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

"तांबडं-हिरवं दिसत नाय?" भागीरथीचा आवाज चढला. "आणि कोळ्याचा जावई व्हायचंय? रातच्या वक्ताला खाडीत होडीच्या एका अंगाला तांबडा दिवा असतो, एका अंगाला हिरवा. त्यावरनं कळतं समोरची होडी येते की जाते. तुला काय कळणार? उद्या माझी नातवंडं तुझे डोळे घेऊन आली तर खडकावर आपटतील! माझ्या रक्तात असलं काय नाय. सात पिढ्यांनी खाडी वाचली आमच्या. जा, दुसरा ओटा बघ!"

तो गेला. भांडला नाही, वळून बघितलं नाही. मालूनं तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "आये, तुला मासा कळतो. माणूसही कळायला हवा होता."

त्या दिवसापासून मालूचं बोलणं भावापुरतं उरलं. म्हणजे माशाच्या भावापुरतं. गिऱ्हाइकानं विचारला तर तेवढा सांगायची, आईनं काही विचारलं तर मान हलवायची. भागीरथी दुसऱ्या ओट्यांवर ओरडून बघायची, पण आवाजात राम नव्हता.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी कोपरच्या खाडीकाठी होड्या रंगवायची धांदल उडाली. प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला असतो, लांबून होडी ओळखायची ती त्या पट्ट्यावरून. भागीरथीच्या घरचा तांबडा. आजवर दीर रंगवायचा, यंदा त्याचा खांदा दुखत होता म्हणून मालूच्या पाठचा मोरू पहिल्यांदाच एकटा ब्रश घेऊन उतरला. वीस वर्षांचा गडी, हौसेनं पार चिखलात उभा.

भागीरथी पूजेचं सामान घेऊन काठावर आली तर काय, होडीशी मास्तर उभा! मालू चार पावलांवर, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. निरोप द्यायला आलेला की घ्यायला, देव जाणे.

"ओ मास्तर, बघा की! कसा झालाय पट्टा?" मोरूनं अभिमानानं विचारलं.

कुंडलिकनं मागं सरून नीट बघितलं. "सुरेख. एकसारखा. हात चांगलाय तुझा."

भागीरथीनं बघितलं आणि तिच्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं. पट्टा होडीच्या पुढच्या टोकापासून, नाळेपासून, मध्यापर्यंत तांबडा, आणि तिथून थेट मागपर्यंत मेंदीसारखा हिरवा!

"मोऱ्या! हा कसला रंग रे?"

"तांबडा. तूच सांगितलास ना? एक डबा संपला, दुसरा फोडला."

"सगळा तांबडा?"

"सगळा." मोरूनं पट्ट्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "नाय का?"

भागीरथी मास्तराकडे वळली. तो घाईनं म्हणाला, "मावशी, मला नका विचारू!"

मालू हसली. इतकी हसली की काठावर बसली, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. कुंडलिकला आत्ता काय झालंय ते उमगलं. तो मोरूकडे बघत राहिला, कुणी आपल्या गावचा भेटावा तसा.

भागीरथीनं पोराची हनुवटी धरली. "हे कुठनं आलं? याचा बाप तर घारीच्या नजरेचा होता."

"हे बापाकडून मुलाला येतच नाही, मावशी," कुंडलिक हळूच म्हणाला.

"मग?"

तो अडखळला. "...आईकडून येतं."

"तोंड सांभाळ! मला दिसतं सगळं. हा अर्धा तांबडा, तो अर्धा हिरवा."

"दिसतंच. म्हणूनच सांगतो." त्यानं होडीतला पिळाचा दोर उचलला. "आपल्या अंगाच्या कणाकणात असे दोर आहेत. डोळ्यांना न दिसणारे, दोन पदरांचे, असेच पीळ दिलेले. डीएनए म्हणतात त्याला. आई-बाप पोराला नाक देतात, उंची देतात, केसांचं वळण देतात, ते सगळं या दोरात गाठी मारून देतात. एकेक गाठ म्हणजे एकेक जनुक. त्यात रंग ओळखायची गाठ ज्या दोरावर असते ना, तो दोर बाईकडे दोन. एक आईनं दिलेला, एक बापानं. पुरुषाकडे तो एकच, आईनं दिलेला. बाईची एक गाठ सुटलेली असली तरी दुसरी भार धरते, तिला कळतही नाही. पुरुषाची सुटली की सुटली. दुसरी नसतेच."

भागीरथीनं तो दोर हातात घेतला. जाळी विणून तिची बोटं जाड झाली होती, पिळाचं तिला कुणी समजवायला नको होतं. "म्हणजे माझ्या दोन दोरांतला एक सुटलेल्या गाठीचा. तोच नेमका मोऱ्याच्या वाट्याला आला."

"हो."

"आणि मला कुणी दिला?"

"आईनं किंवा वडिलांनी. वडिलांना रंग कळायचे?"

कळायचे की! असं ती बोलणार होती. तोच तिला बाप आठवला. खाडीवरून खारा वारा आला, डबे खडखडले.

तिचा बाप भिवाजी. पाणी जिभेला लावून भरती-ओहोटी सांगणारा. सांज झाली की परकरातल्या भागीला होडीत पुढं बसवायचा, आणि लांब दिवे दिसले की विचारायचा, "भागे, तांबडा कुठल्या अंगाला गो?" ती बोट दाखवायची. तो होडी वळवायचा. बाप आपल्याला खाडी शिकवतोय, असं तिला वाटायचं. दरवेळी उत्तर बरोबर यायचं म्हणून ती तोऱ्यात घरी यायची.

"तो मला शिकवत नव्हता..." ती स्वतःशीच बोलली. "त्याला दिसतच नव्हतं. माझ्या डोळ्यांनी आणायचा होडी घरी."

तिनं दोर होडीत ठेवला.

"मी एकटी पोर त्याची. मुलगा नाय म्हणून गाव म्हणायचं, भिवाजीचा वंश बुडाला." तिनं मोरूच्या तोंडावरून हात फिरवला. पोराचे डोळे तिनं असे कधी बघितलेच नव्हते. "आणि हा बघ, इथं उभाय. माझ्यातनं आला?"

"तुमच्यातूनच," कुंडलिक म्हणाला. "त्याला दुसरी वाटच नव्हती."

भागीरथीनं पदरानं नाक पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेला माणूस तिला इतकं मोठं काहीतरी देत होता, आणि बदल्यात काही मागत नव्हता.

"आणि मालूकडे?" तिनं विचारलं.

"असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता. नसली तर आमच्या मुलांना काही होणार नाही, पण मुलींकडे माझी गाठ गुपचूप जाईल. असली तर मात्र मुलगा असो की मुलगी, कुणालाही..."

"ओ मास्तर!" मालू उठून उभी राहिली. गाल पेटलेले. "आये अजून हो म्हणाली नाय आणि तुम्ही पोरं वाटून मोकळे?"

"मी फक्त शक्यता सांगतोय."

"पोरांच्या आधीची शक्यता सांगा की!"

तो हसला. आधी डोळे, मग ओठ. "ती तू सांग."

मालूनं चिखलात पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढली. वर बघितलं, खाली बघितलं. "ती..." ती पुटपुटली, "ती पक्की हाय."

मोरूनं ब्रश हवेत उडवला. भागीरथीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि मास्तराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो ताठ झाला, जणू फळ्यापुढं उत्तर द्यायला उभा केलाय.

"हे बघ, मास्तर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा काठभर गेला. "माझा उभा जन्म बाजारात गेला. सडकं झाकून वर ताजं ठेवणारे मी रोज बघते. लग्नाच्या बाजारात तर सगळेच तसले. भाव ठरायच्या आधी आपली खोट आपल्या तोंडानं सांगणारा मी एकच बघितला, आणि त्यालाच हाकलला. पोरगी दिली तुला. नातवंडं कसल्या का डोळ्यांची होईनात, जीभ तेवढी तुझ्यासारखी खरी निघू दे!"