फसव्या उतरंडी

ट्रेसा थबकली. "ही दगडांची उतरंड इथे नव्हती."

"तू काय सगळे दगड नावानिशी ओळखतेस?" मावसभाऊ कोल्बीने चिडवलं. तिचा धाकटा भाऊ ओरिन मात्र वाकून निरखू लागला.

अमेरिकेतल्या युटामधल्या त्या लाल खडकावर पाऊलवाट उमटत नाही. म्हणून गावकऱ्यांनी सबंध वाटेवर दगडावर दगड ठेवून खुणा केलेल्या. एक गाठली की पुढची दिसते. सगळ्या बुटक्या, ओबडधोबड. ही मात्र उंच, नटवी होती आणि वाट सोडून भलत्याच घळीकडे नेत होती.

ट्रेसाने घळीकडे पाहिलं. आजोबा नेहमीसारखे पुढे गेले होते. नजर अधू झाल्यापासून ते खुणांच्याच भरवशावर चालत. ऊन चढलं होतं आणि त्यांची पाण्याची बाटली तिच्या पाठीवर होती!

तिघांनी हाका मारल्या. ओ आली नाही.

घळीच्या तोंडाशी एक पर्यटक आणखी एक उतरंड रचत होता. गळ्यात भलामोठा कॅमेरा. कोल्बी बाह्या सरसावून निघाला, तशी ट्रेसाने त्याला चिमटा काढला. गुपचूप राहा, हा चिडून निघून गेला तर आत घळींच्या जाळ्यात आपण आजोबांना कुठे कुठे शोधणार, असं ती कुजबुजली.

मग गोड आवाजात म्हणाली, "काका, किती सुंदर! अजून आहेत? सगळ्यात आतली दाखवा ना."

काका खुलले. आपली कलाकारी दाखवत ते झपाझप पुढे निघाले. मागे रेंगाळणारा ओरिन एकेक उतरंड हळूच आडवी करत होता.

शेवटची उतरंड उभ्या कड्याच्या पायथ्याशी होती. पुढे वाटच नव्हती. तिथल्या चतकोर सावलीत आजोबा बसले होते, ओठ सुकलेले. ट्रेसाने धावत जाऊन बाटली त्यांच्या तोंडाला लावली.

"मी फक्त फोटोसाठी..." काका पुटपुटले.

"आमच्याकडे दगडावर दगड म्हणजे 'इकडून या'," आजोबा शांतपणे म्हणाले. "मी आलो."

काकांचा चेहरा खडकाहून लाल झाला. सगळ्या मोडतो म्हणून ते वळले, तर मोडायला एकच उरलेली! ओरिन आभाळाकडे बघत उभा.

आजोबा पोट धरून हसले. कोल्बीने त्यांच्या कानात ट्रेसाची युक्ती सांगितली, तसे ते तिच्या खांद्यावर हात ठेवून उठले. "भांडली असतीस तर मी इथेच वाळलो असतो. शाबास, पोरी. आता पुढे तू हो. आजपासून मी तुझ्यामागे."