उजळलेली चांदी

"ही नाणी कुणी घासली?"

गेर्डाच्या सासऱ्यांनी, लेब्रेख्तनी, अगदी हळू आवाजात विचारलं. मखमलीच्या तबकात वाल्डेक, रॉयस, लिप्पे... कधीच्या लयाला गेलेल्या त्या इवल्या जर्मन संस्थानांचे चांदीचे थालर कालच पाडल्यासारखे लखलखत होते. जाणकार जिच्यावर जीव टाकतात ती शतकभराची निळसर-काळी झाक पार गेली होती. राजांचे चेहरेसुद्धा पुसट झाले होते. आरोल्सेनच्या त्या घरात लेब्रेख्तनी आयुष्यभर एवढं एकच वेड जपलं होतं.

दाराआड सासूबाई, ओटीली, उभ्या होत्या. बोटांना अजून सोडा लागलेला. थोड्या वेळापूर्वीच स्वयंपाकघरात त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला होता. हल्ली आपल्याला काही उमगत नाही, नाताळची चांदीची भांडी समजून आपण नाणी घासली, असं सांगत त्या रडल्या होत्या. "यांना कळू देऊ नकोस गं. माझ्या बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तशी मलाही टाकतील."

"मी घासली, बाबा," गेर्डा म्हणाली.

त्या दिवसापासून लेब्रेख्त सुनेशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी ते मुलाकडे मागत. नवरा फोल्कमारही एकदा म्हणालाच, की विचारून हात लावला असतास तर काय बिघडलं असतं...  पुढे करपलेला केक, उघडा राहिलेला नळ, हरवलेल्या किल्ल्या, सासूबाईंची एकेक चूक गेर्डा आपल्या अंगावर घेत गेली आणि घरात वेंधळी ठरली.

तिसऱ्या हिवाळ्यात ओटीलीबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी लेब्रेख्त उशाशी बसले असताना गेर्डा सूप घेऊन आली, आणि तिलाच आपली आई समजून त्या म्हणाल्या, "आई, नाणी मी घासली गं. बोलणी मात्र त्या पोरीने खाल्ली. तिच्याशी कुणी बोलतसुद्धा नाही..."

लेब्रेख्तांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गेर्डाकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस, पोरी?"

"त्यांना भीती वाटायची, बाबा... तुम्ही त्यांना घराबाहेर ठेवाल म्हणून."

"हिला? हिला मी बाहेर ठेवीन?" म्हाताऱ्याने रडतच बायकोचा हात हातात घेतला. आपण तबकाशी खिन्न होऊन बसलो त्या वर्षांत शेजारीच बायको थोडी थोडी हरवत होती, आणि आपल्याला दिसलं नव्हतं!

ओटीलीबाईंनी त्यांच्याकडे परक्यासारखं पाहिलं. मग गेर्डाला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण गं? का रडताहेत?"

"घरचेच आहेत," गेर्डा म्हणाली.

लेब्रेख्तनी डोळे पुसले आणि तिच्या हातातली वाटी घेतली. "कसं भरवतेस ते मला दाखव," ते म्हणाले.

गेर्डाने त्यांचा हात धरला, आणि पहिला घोट दोघांनी मिळून ओटीलीबाईंच्या ओठांशी नेला.