अठरा मिनिटं आणि अडतीस सेकंद

तो पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याला दोन मिनिटांची शिक्षा झाली होती, आणि गुन्हा त्याचा नव्हता.

ऑक्टोबर होता. मी जर्मनीत एर्लांगेनला पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शनिवारची दुपार, बाहेर बर्फ आणि पाऊस यांच्या मधलं काहीतरी पडत होतं, आणि आमच्या विद्यापीठाची मॅच फुकट बघता येते म्हणून मी बस पकडून रिंकवर गेले होते. दारातून आत शिरले, तर टेबलामागे बसलेल्या एका आजीबाईंनी मला खूण करून बोलावलं. या फ्राऊ लिंडनर. मॅचचं घड्याळ गेली वीस वर्षं त्यांच्या ताब्यात. त्यांचा मदतनीस त्या दिवशी तापाने झोपला होता.

"तुम्हाला दोन मिनिटं मोजता येतात का?" त्यांनी विचारलं.

"माझं काम अल्ट्रासाउंडवर आहे. मी मायक्रोसेकंद मोजते," मी म्हटलं.

"आल्झो, मग जमेल," असं म्हणून त्यांनी मला काचेच्या एका खोक्यात नेऊन बसवलं.

त्या खोक्याला स्ट्राफबांक म्हणतात, म्हणजे शिक्षेचा बाक. खेळाडूने आगळीक केली की त्याने तिथे येऊन दोन मिनिटं गप बसायचं, आणि तोवर त्याच्या टीमने एक माणूस कमी घेऊन खेळायचं. माझं काम एवढंच, की वेळ संपली की दार उघडायचं. आधी नाही, नंतर नाही. शिवाय टेबलाच्या माणसांनी कोणाची बाजू घ्यायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हेही फ्राऊ लिंडनरनी बजावून सांगितलं. मला घड्याळाचं लहानपणापासून खूळ. घरी मला सगळे स्टेशनमास्तर म्हणतात. तेव्हा काम माझ्यासाठीच केल्यासारखं होतं.

आणि तो आला. धाडकन बाकावर बसला, अंगावर एवढं चिलखत की अर्धा बाक त्यानेच भरला. पाठीवर मोठ्या अक्षरांत आडनाव होतं... सरनोबत.

मी मराठीतच विचारलं, "कोल्हापूरचे का?"

तो इतक्या झटकन वळला की हेल्मेट काचेवर आपटलं. तोंडातलं रबर काढून म्हणाला, "तुम्ही... मराठी?"

"चिंचवड. ईप्सिता. आणि तू म्हण. दोन मिनिटांत 'तुम्ही'ला कुठे वेळ आहे?"

तो हसला. ओठाच्या एकाच बाजूने हसायची सवय आहे त्याला, हे मला तेव्हाच दिसलं आणि पुढे पाच महिने दिसतच राहिलं. "देवदत्त," तो म्हणाला. "इथे सगळे नुसतं देव म्हणतात."

"देव, आणि शिक्षेच्या बाकावर? काय केलंस?"

"मी काय नाही केलं गं. बर्फावर पाचाच्या जागी सहाजण उतरले. आमच्या पोरांना धीर म्हणून नाही. एक बाहेर यायच्या आत दुसरा उडी टाकतो."

"मग तू कसा आत?"

"गुन्हा सगळ्या टीमचा असला की कोच कोणालाही पाठवू शकतो. मग ज्याच्या जाण्याने टीमचं कमीत कमी नुकसान होईल..." त्याने भलामोठा हातमोजा स्वतःच्या छातीवर ठेवला. "निवांत असतं तसं. जागा चांगली आहे, मॅच जवळून दिसते."

घड्याळ शून्यावर आलं, मी दार उघडलं. उठता उठता त्याने वर घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरोब्बर," तो म्हणाला आणि बर्फावर गेला.

माझ्या वक्तशीरपणाचं आजवर कोणी कौतुक केलं नव्हतं, चेष्टाच केली होती. पुढच्या शनिवारी मदतनीस बरा होऊन आला तरी मी जाऊन हजर झाले. मला हे काम आवडलंय, मीच करते, असं फ्राऊ लिंडनरना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जा, जा." त्या मदतनिसाला त्यांनी चिवड्याच्या... म्हणजे चिप्सच्या स्टॉलवर पाठवून दिलं.

त्या वर्षी आमची टीम काही वेगळीच खेळत होती. टीमचं नाव कोल्हे, लाल जर्सी. पहिली मॅच नऊ-एक, दुसरी सात-शून्य, तिसरी अकरा-दोन. समोरची टीम बसमधून उतरायची तेव्हाच त्यांचे चेहरे पडलेले असायचे. कॅप्टन जोनासने डिसेंबरपर्यंतच तीस गोल मारले होते. एकदा समोरच्यांनी एक खेळाडू जास्त पुढे पाठवायला आपला गोलकीपर बाहेर काढला, तर आमच्या गोलकीपरने इकडून रबरी चकतीचा तो पक ढकलला आणि तो सरळ रिकाम्या जाळ्यात गेला. गोलकीपरनेही गोल मारला. बारा मॅच, बारा विजय. आणि एवढ्या सगळ्यात देवदत्तच्या नावावर शून्य.

तसा तो वाईट खेळायचा नाही. शाळेत असताना कोल्हापूरला चाकांच्या स्केट्सवर वाढलेला, पाय चांगले होते. पण इथली पोरं तीन वर्षांची असल्यापासून बर्फावर. त्याला शेवटची दहा मिनिटं मिळायची, त्यातही पक आला की तो दुसऱ्याला द्यायचा. मात्र पोरांचा उतावळेपणा काही जात नव्हता, आणि दर दुसऱ्या मॅचला सहावा माणूस बर्फावर उतरायचाच. मग कोच बाकाच्या टोकाकडे बघायच्या आत देवदत्त उठलेला असायचा.

मी थर्मासमध्ये आल्याचा चहा न्यायला लागले. आधी एक कप नेत होते, मग दोन. चहाच्या वाफेने समोरची काच धूसर व्हायची आणि तो हातमोज्याने पुसायचा, ओल्या चामड्याचा वास यायचा. खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे दोन मिनिटांची कधी चार व्हायची. पंचांनी शिट्टी वाजवली की आम्ही दोघंही एकदमच कपाकडे बघायला लागायचो.

"तू मुद्दाम तर नाही ना सहावा होऊन उतरत?" मी एकदा विचारलं.

"मी? मला पाचवा होऊन उतरायला मिळत नाही, सहावा कुठून होऊ?"

जानेवारीतल्या एका मॅचला तो कप हातात नुसता फिरवत होता. तीस सेकंद उरली होती. मग म्हणाला, "या सीझनमध्ये एक गोल मारला ना, की तुला एक विचारायचंय."

मी माझा कप खाली ठेवला. "आत्ता विचार की."

"नाही. आधी गोल."

"हे कुठलं खूळ?"

"तुला हसू येईल... लहानपणापासून मी बदली खेळाडू आहे. क्रिकेटमध्ये बारावा, नाटकात पडदा ओढणारा. आता इथे दुसऱ्याच्या शिक्षा भोगतोय. त्याचं मला वाईट नाही वाटत, खरंच नाही. पण तुला विचारायला येताना... एकदा तरी स्वतःचं काहीतरी करून यावं असं वाटतं."

मला हसू आलं नाही. वेळ संपली, मी दार उघडलं. उशीर नाही केला.

आणि मग मी, स्टेशनमास्तर, एका गोलची वाट बघत बसले. फेब्रुवारीत त्याचा एक फटका खांबाला लागून परत आला, तेव्हा माझ्या तोंडून "अरेरे" निघालं आणि फ्राऊ लिंडनरनी पेन्सिल टेबलावर वाजवली. टीमलाही एव्हाना कळलं होतं की देवला एक गोल हवाय. एका मॅचला चौदा-एक पुढे असताना सगळेच त्याला पास द्यायला लागले. तर याने घाबरून सगळे पास परत केले.

त्याच सुमारास चिंचवडच्या एका कंपनीतून मला नोकरीचं पत्र आलं. घरापासून दहा मिनिटांवर, आई-बाबा खूश. इकडे माझ्या प्रोफेसरनी अजून एक वर्ष थांबायचं विचारलं होतं. दोन्हीचं उत्तर मार्चच्या एका सोमवारी द्यायचं होतं. देवदत्तचा मास्टर्स संपून त्याला नेकारसुल्मच्या कार प्लांटमध्ये नोकरी लागली होती, तो एप्रिलमध्ये तिकडे जाणार होता. नेकारसुल्म म्हणजे ट्रेनने शनिवारी जाऊन रविवारी परत येण्यासारखं. चिंचवड तसं नाही. मेन्झामध्ये, म्हणजे आमच्या कॅन्टीनमध्ये, सूप पिता पिता मी त्याला हे सगळं सांगितलं.

त्याने चमचा खाली ठेवला. "चांगली ऑफर आहे," तो म्हणाला.

"एवढंच?"

"फायनल शनिवारी आहे. तुझं उत्तर सोमवारी."

"मग?"

"मध्ये रविवार आहे," तो म्हणाला आणि सूपकडे बघत राहिला.

मला इतका राग आला की मी माझा ट्रे तिथेच ठेवून निघाले. मग लायब्ररीपर्यंत सायकल मारताना वाटलं, त्याचं तरी काय चुकतंय? आणि मला राहायचंय, हे तरी मी कुठे बोलले होते? मला राहायचंच होतं. त्याच्यासाठी. दुसरं कुठलंही कारण मला सापडत नव्हतं.

फायनल आमच्याच रिंकवर होती. स्टँड भरलेला, कोणीतरी खरोखरचा ढोल आणलेला. दोन्ही टीम चांगल्या, पण कोल्हे त्या दिवशी कोणाचं ऐकणारे नव्हते. तिसऱ्या भागात सहा-एक झालं होतं आणि शेवटची सात मिनिटं उरली होती. देवदत्त तीनदा बर्फावर येऊन गेला होता. गोल नाही.

आणि सहावा माणूस उतरला.

पंचांची शिट्टी वाजली तशी सगळ्या लाल बाकावर हशा पिकला. देवदत्त आला, बसला. मी चहा ओतला. त्याने घेतला नाही.

"जोनासने ठरवलंय," तो भराभर म्हणाला. "शिक्षा संपायच्या आधी तो पक घेऊन आपल्या जाळ्यामागे थांबणार. मी दारातून बाहेर पडलो की लगेच माझ्याकडे सोडणार. समोर फक्त गोलकीपर. ईप्सिता... तू दार वेळेवर उघडशील ना?"

"मी कधी चुकलेय?"

"नाही. तू नाही चुकत." तो पायाने टपटप जमीन वाजवत होता. थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. पाच महिन्यांत तो निवांत नसलेला मी तेव्हाच पाहिला.

घड्याळ पळत होतं. एक मिनिट दहा. एक मिनिट. माझ्या मनात आलं, याने मारला तर ठीक. पण हुकला तर? हुकला तर हा रविवारी काही विचारणार नाही. मला शुभेच्छा देईल, विमानतळावर सोडायलाही येईल, बॅगा उचलेल. आणि मी चिंचवडला जाऊन आयुष्यभर एका पकचा हिशेब करत बसेन.

चाळीस सेकंद.

"देवदत्त," मी म्हटलं, "इकडे बघ. बर्फाकडे नको, माझ्याकडे."

त्याने बघितलं.

"मला तू आवडतोस. ऑक्टोबरपासून. मला इथे राहायचंय, आणि ते तुझ्यामुळे. तू गोल मारलास तरी आवडशील, नाही मारलास तरी तेवढाच आवडशील. दुसऱ्याची शिक्षा हसत भोगणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार आहे? तुझ्या गोलची वाट बघायला आता माझ्याकडे वेळ नाही. सोमवारी नऊ वाजता मला उत्तर द्यायचंय."

एवढं बोलून मी घड्याळाकडे वळले, कारण काम ते काम. कान तापले होते. जोनास पक घेऊन जाळ्यामागे उभा होता. पाच, चार, तीन, दोन, एक.

मी दार उघडलं. बरोब्बर.

जोनासने पक सोडला. काय सुंदर आला तो... फळीच्या कडेकडेने, ना जोरात ना हळू, अगदी आमच्या दारासमोर. पलीकडे सगळा बर्फ मोकळा, आणि टोकाला एकटा गोलकीपर. सगळा बाक ओरडत होता, "देव, देव, देव."

पक दारासमोरून गेला. तसाच घसरत घसरत पलीकडे पोचला. त्या गोलकीपरने काठीने तो अडवला आणि बिचारा इकडेतिकडे बघायला लागला.

देवदत्त माझ्या शेजारी बसलेला होता.

"दार उघडंय," मी म्हटलं.

"हो."

"पक गेला."

"दिसला." तो माझ्याकडेच बघत होता. ओठाची ती एक बाजू हळूहळू वर चढत होती. "थंड वारा येतोय. लावून घेऊ का?"

"वेडा आहेस का? तुझी टीम चौघांत खेळतेय."

"सहा-एक आहे. चालतंय की." त्याने हातमोजा काढला. मग दुसराही काढला. माझा दाराच्या कडीवरचा हात त्याने धरला. त्याचा हात चहाच्या कपासारखा गरम होता.

"काय विचारणार होतास?" मी म्हटलं.

"हेच... की एकदा घड्याळ न लावता माझ्या शेजारी बसशील का?"

मी हो म्हटलं. ढोलात कोणाला ऐकू गेलं नसेल, त्याला गेलं. मग मीच त्याला हाताने ढकलून बर्फावर पाठवलं, नाहीतर कोच काचेतून आत आला असता.

मॅच सहा-एकच राहिली. कोल्ह्यांनी सीझनभरात पंधराच्या पंधरा मॅच जिंकल्या, आणि फोटोत सगळ्यात मागे देवदत्त असा उभा आहे, की कोणालाही वाटावं कप यानेच जिंकला. सोमवारी नऊला पाच मिनिटं असताना मी चिंचवडला नम्रपणे नाही कळवलं. बाबा दोन दिवस नाराज होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सरनोबत म्हणजे कोल्हापुरात नेमके कुठले?"

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. मॅचनंतर फ्राऊ लिंडनर टेबलावर बसून सीझनचा कागद पूर्ण करत होत्या. मी थर्मास धुऊन आणला, तर त्यांनी मला जवळ बोलावून देवदत्तच्या नावासमोरची ओळ दाखवली. गोल शून्य. शिक्षा नऊ, मिनिटं अठरा.

"ही अठरा मिनिटं त्याची नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांची आहेत."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, काहीतरी लिहिलं. कागदावर तसा रकाना नव्हता. मी वाकून वाचलं. अडतीस सेकंद.

"पण दार उघडल्यानंतरची ही त्याची," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, आणि थर्मासमध्ये थोडा चहा उरलाय का, ते विचारलं.