पडीक पानं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कुणाच्या विनवण्या करणार नाही.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती. माझ्या ताईच्या घराचा हॉल. शेजारी कुणीतरी मिक्सर फिरवत होतं.

आधी ताईबद्दल सांगते. माझी मोठी बहीण, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे दात घासून घरी आली की तिच्या वेबसाइटवर बसायची. वेबसाइट कसली... नुसती साधी पानं. फोटो नाहीत, लाइक नाहीत, कमेंट नाहीत. हॉलमध्ये चपलांच्या स्टँडखाली एक जुनं डबडं कॉम्प्युटरचं मशीन होतं, त्याच्यावरून ती वेबसाइट चालायची. एक पान उघडेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा.

"अगं, बाग आहे ती माझी," ताई म्हणायची. "बागेत कुणी धावतं का?"

प्रत्येक पानाच्या डोक्यावर ती एक शब्द लिहायची. नुसता विचार असेल तर 'बी'. थोडं लिहून झालं की 'रोप'. पुरं झालं की 'झाड'. आणि काही पानांवर असायचं... 'पडीक'.

मीही पोटापाण्यासाठी वेबसाइटीच बनवते. बुटांच्या, बॅगांच्या, झटपट उघडणाऱ्या. ताईच्या बागेला मी गोगलगाय म्हणायचे. तरी आजारपणात तिनं मलाच जवळ बसवून सांगितलं, "छोटी, मी नसले की बागेकडे तू बघ. फार काही करू नकोस. नुसतं बघ."

नुसतं बघणं मला जन्मात जमलेलं नाही.

ताई गेली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, रोज संध्याकाळी चष्मा लावून बाग उघडायचे आणि पान येईपर्यंत हाताची घडी घालून बसायचे. मला बघवेना. एका सुट्टीत मी हौसेनं साफसफाई काढली. पडीक म्हणजे टाकाऊ, असं धरून तो शब्द असलेली सगळी पानं उडवून टाकली.

न वाचता.

कॉपी? नाही घेतली. कॉपी घेतली नाही म्हणून ऑफिसात लोकांच्या अंगावर धावून जाणारी बाई मी!

पुढच्याच आठवड्यात दाजींचा फोन आला. "छोटी, 'जेवणानंतरची फेरी' सापडत नाही गं."

"कसली फेरी?"

"ते पान. आम्ही दोघं चालायला जायचो ना, त्याच्यावर लिहीत होती. माझ्यासाठी. मला म्हणाली, पुरं झाल्याशिवाय वाचायचं नाही. सध्या पडीक ठेवलंय. जमीन दमली की पडीक ठेवतात, मग पीक जोमानं येतं. आता ती नाही, तर अर्धंच वाचावं म्हटलं."



खरं सांगायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "मशीन जुनं झालंय, दाजी. आपोआप उडालं असेल."

दाजी म्हणाले, "आपोआप नाही. परवा चपला काढताना माझा पाय वायरीत अडकला होता. मीच घालवलं."

आणि मी... हूं की चूं केलं नाही.

त्या दिवसापासून दाजींनी बाग उघडणं सोडलं. चालायला जाणंही सोडलं. चपला बाहेर जिन्यातच काढायचे आणि स्टँडपासून लांबून, भिंतीला धरून आत यायचे. मी समोर असले की म्हणायचे, "जरा बघून पाय टाकायला हवा होता." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी जीभ उचलेना.

त्या रविवारी मी नवीन मशीन घेऊन गेले. म्हटलं, जुनं डबडं घराबाहेर गेलं की विषयच संपला. दाजी आतल्या खोलीत झोपले होते. मी प्लग काढला. मशीनचा दिवा विझला. पंख्याची घरघर थांबली.

धूळ पुसायला ते मांडीवर घेतलं, आणि...

टक... टक टक...

की-बोर्ड तर टेबलावर होता, कव्हर घालून ठेवलेला. आवाज मांडीवरून येत होता.

टक टक टक... ठक!

शब्द संपला की ताई अंगठ्यानं स्पेसबार असाच बडवायची. आम्ही तिला सुतार म्हणायचो.

मन घट्ट करून मी फोनवर बाग उघडायला गेले. मशीन बंद आहे, म्हणजे उघडणारच नाही. एवढीच खात्री हवी होती.

उघडली.

एका क्षणात. ताईची बाग... एका क्षणात!

'जेवणानंतरची फेरी'. वरचा शब्द पडीक नव्हता. 'रोप' होता. खाली बरंच काही लिहिलेलं होतं, पण माझी नजर गेली थेट तळाशी.

"वायरीमुळे काही झालेलं नाही. हे उगाच मनाला लावून घेतात."

मी बोटही हलवलं नव्हतं. तरी त्याखाली आणखी एक ओळ उमटली...

"छोटी, तू सांगतेस की मी लिहू?"

तेवढ्यात आतून दाजींचा झोपाळलेला आवाज आला. "कोण टाइप करतंय गं?"

मी उठले ती धावतच आत गेले. एका दमात सगळं ओकून टाकलं. "मीच उडवली दाजी पानं. तुमच्या पायाचा काही दोष नाही. मी खोटं बोलले." रडणं आवरत नव्हतं.

दाजी चिडले नाहीत. उठून बसले. "मग हा आवाज कसला होता?"

"ताई लिहितेय, दाजी! हे बघा..."

फोन त्यांच्या हातात दिला. पान कोरं होतं. परत उघडायला गेले, तर उघडेचना. हॉलमधली टकटकही थांबली होती.

"काय लिहिलं होतं तिनं?" त्यांनी विचारलं. "वर, सुरुवातीला?"

मी फक्त तळच्या ओळी बघितल्या होत्या.

"वाचलं नाही, दाजी."

त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तू गप्प बसली असतीस... तर ती लिहीत राहिली असती."



जुनं मशीन दाजींनी टाकू दिलं नाही. प्लग लावला की बाग उघडते, पूर्वीसारखीच रमतगमत. ते पान तेवढं नसतं. वायरीचं ओझं त्यांच्या मनावरून उतरलं खरं, पण मी गेले की आता ते वेगळंच विचारतात.

"छोटी, आणखी काही लपवलंयस का माझ्यापासून?"

"नाही, दाजी."

"असेल तर सांगू नकोस हं."

एक आहे. ताईच्या आजारपणातलं. म्हणूनच हल्ली बाग उघडायला माझा हात धजत नाही.