कोपऱ्यातला खांब

ताईने बोलावलं ते अगदी साध्या कामासाठी. न्हाणीघराचं दार लागत नव्हतं. "जगाच्या घरांचे पाये बघत हिंडतेस, बहिणीचं एक दार बघ की!"

धाकटी दुपारी पोचली. दाराचा दोष नव्हता. चौकटच कलली होती. कोपऱ्यातली फरशी उचलली, तर खाली जमीन नाही! घर जमिनीत खोल रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभं होतं आणि त्यांच्याभोवतीची माती हातभर खचली होती. ओला, कोंदट वास भपकन वर आला.

"पाइप गळतोय कुठेतरी," ती भावजींना म्हणाली. "ही माती कोरडी आहे तोवर दगड. पाणी मुरलं की बसते, आणि बसताना खांबालाही खाली ओढते."

"माती ओढते?" भावजी हसले.

"बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो ना, तशी."

पालथी पडून तिने पहिल्या खांबाला यंत्र लावलं, हातोडीचा ठोका दिला. ठोका खांबाच्या टोकाला जाऊन परतला की पडद्यावर रेघ उसळते. उसळली. एकदाच. खांब धड होता.

कोपऱ्यातल्या खांबाने मात्र दोनदा उत्तर दिलं.

तिने पडदा पुसला. हातोडी बाजूला ठेवली. रेघ पुन्हा उसळली... आणि आता छातीखालच्या फरशीतून ऐकूही आलं. ठक्... ठक्...

"भावजी, तुम्ही ठोकताय?"

"मी? मी दारात उभा आहे."

प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा वरून येत होता. ती ताडकन उठली.

"ताई, बाहेर हो! दोघंही, आत्ता!"

"अगं, गॅसवर दूध..."

"जाऊ दे उतू!"

तिघं रस्त्यावर आली न आली तोच घराचा तो कोपरा कण्हल्यासारखा आवाज करत खाली बसला. जीव वाचले. ताई-भावजी धाकटीकडे राहायला गेले. पण रात्री तिचा डोळा लागेना. उठून उगीच दारं लावून बघायची.

पुढे घर पाडलं, खांब उकरले. कंत्राटदाराचा फोन आला, "मॅडम, जरा येऊन बघता?"

खचणारी माती खांबावर ओरखडे ओढते ते वरून खाली, हे तिला पाठ होतं. कोपऱ्यातल्या खांबावर ते टोकापासून निघून वर चढले होते. ताजे, खोल. आणि माथ्यापाशी ते थांबले नव्हते. काठावरून पलीकडे गेले होते.